ओटा नसलेली खोली

मधुवंती चांदोरकरने न्यूझीलंड पाहिलं ते मोटेलच्या ओट्यामागच्या खिडकीतून. हॅमिल्टनमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या, स्वतःच्या पगारावर स्वतःची गाडी चालवणाऱ्या बाईबद्दल असं लिहायला नको वाटतं, पण आहे ते असं आहे. कायकोराला मंडळी बोटीतून देवमासे बघायला गेली तेव्हा ती कढी फुटू नये म्हणून पळी फिरवत उभी होती. टोंगारिरोला तर ती तीनदा गेली. तिन्ही वेळा पहाटे उठून तिने सगळ्यांना पुरी-भाजी बांधून दिली, डोंगर ओलांडून दमून येणाऱ्यांसाठी मसालेभात टाकला आणि संध्याकाळी त्यांच्या फोनवर डोंगराचे फोटो पाहिले.

या देशातल्या मोटेलांत एक नको ती सोय असते. खोलीतच ओटा, शेगडी आणि कपाटात पातेली. गोरी माणसं त्यावर फार तर टोस्ट भाजतात. आपली मंडळी खोलीत शिरली की खिडकीबाहेरचं तळं नंतर बघतात, आधी पातेल्याचा तळ जाड आहे का ते बघतात. आणि पातेलं जाड निघालं की सगळ्यांच्या नजरा मधुवंतीकडे वळत.

तिचा नवरा प्रकाश तसा वाईट माणूस नव्हता. आवाज चढवणं नाही, व्यसन नाही, कंपनीतलं सॉफ्टवेअरचं काम सोडलं तर कशाचं टेन्शन नाही. त्याला फक्त बायकोचे कष्ट उदार हाताने वाटायची सवय होती. "काळजी कशाला करता? आमची मधू आहे ना!" हे तो इतक्या कौतुकाने म्हणायचा, की नाही म्हणणारी बाईच कोत्या मनाची ठरावी. ती कोत्या मनाची ठरायला घाबरायची. पुण्याहून एकटी शिकायला आलेली, ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दुधाच्या कारखान्यात पावडर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वरच्या जागेवर पोचलेली बाई घरच्या माणसाच्या कौतुकाला घाबरते, हे कारखान्यात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

ठिणगी पडली तीही कारखान्यातच. तिच्याबरोबर काम करणारी अरोहा जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणाली, "टोंगारिरोला तीनदा गेलीस म्हणे! ती हिरवी तळी दिसतात तिथे वारा कसला असतो ना? मी तर उडूनच जाणार होते."

मधुवंतीने तोंड उघडलं आणि तिला वाऱ्याबद्दल एक अक्षर सांगता येईना. तिला आठवत होती ती नॅशनल पार्कच्या मोटेलमधली डावीकडची शेगडी, जी मंद होतच नसे. ती कसनुसं हसली, डबा बंद केला आणि गाडीत जाऊन बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, आणि तो प्रकाशपेक्षा स्वतःवर जास्त होता.

त्या आठवड्यात तिने सहलींची माहिती वाचायला सुरुवात केली. पुष्कळ सहली बघितल्या. शेवटी तिचं बोट थांबलं ते मेक्सिकोतल्या एका सहलीवर. कॉपर कॅन्यन नावाची दऱ्यांची भली मोठी रांग, तिच्या कडेकडेने पूल आणि बोगदे ओलांडत जाणारी रेल्वे, मधल्या स्टेशनांवर उतरून वाटाड्याबरोबर चालायचं, आणि एक दिवस कड्यावरून थेट दरीच्या तळाशी नदीपर्यंत पायी उतरायचं. हे सगळं वाचून ती हरखली, पण पैसे भरले ते शेवटच्या एका ओळीमुळे. जेवण लॉजमध्ये मिळेल, खोल्यांमध्ये स्वयंपाकाची सोय नाही. ही ओळ तिने दोनदा वाचली. ज्यांनी ती लिहिली त्यांना बिचाऱ्यांना ती अडचण वाटली असेल.

"मी जाणार आहे," तिने प्रकाशला सांगितलं. "तुला यायचं तर ये. पण मी तिथे काही शिजवणार नाही."

"अगं, तुला कोण शिजवायला सांगतंय?" प्रकाश मनापासून दुखावला. "स्वीट ॲज! मस्तच. जाऊ की."

आणि पुढच्याच रविवारी, एका सत्यनारायणाच्या आरतीनंतर, त्याने प्रमोद आणि नीताला बरोबर घेऊन टाकलं. प्रमोद म्हणजे त्याचा जुना मित्र. माणूस दिलदार, पण घराबाहेर तिसऱ्या दिवशी वरणभाताच्या आठवणीने कासावीस होणारा. "वहिनी बरोबर आहेत म्हणजे पोटाची चिंता नाही," तो तिथल्या तिथे म्हणाला. दर शनिवारी मात्र मधुवंती न्गारुआवाहिया गावाजवळच्या हाकारिमाता डोंगराच्या पायऱ्या चढायला जाऊ लागली. पहिल्या शनिवारी अर्ध्यातच गुडघा धरून खाली बसली. हिवाळा सरेपर्यंत ती वरच्या मनोऱ्यापर्यंत न थांबता पोचत होती.

लेक जुई वेलिंग्टनला शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, "आई, प्रॉमिस मी. नो कुकर."

"नो कुकर," आईने शब्द दिला.

कुकर आणला प्रकाशने. मेक्सिकोतल्या पहिल्याच मुक्कामी त्याने बॅगेतून टी-शर्टांत गुंडाळलेला छोटा इलेक्ट्रिक कुकर आणि हिंगाची डबी काढली आणि वाढदिवसाची भेट दाखवावी तसा तो हसला. "इमर्जन्सीसाठी गं! वापरायचा नाही. नुसता असू दे." ऑकलंड विमानतळावर बॅगेत राहिलेल्या एका सफरचंदासाठी दंडाच्या भीतीने घाम फुटणारा हा माणूस, परक्या देशात हिंग घेऊन शिरला होता! तिने कुकरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला कळून चुकलं की ओटा नसलेली खोली शोधून उपयोग नव्हता. ओटा बॅगेत घालून आणता येत होता.

रेल्वेत मात्र ती खिडकीशी बसली आणि उठली नाही. खाली नदी चकाकत होती, गाडी एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरत होती, मध्येच एखादा पूल यायचा आणि डब्याखालची जमीन नाहीशी व्हायची. प्रकाशने एकदा "चिवडा आणलायस का?" विचारलं. तिने नाही म्हटलं आणि परत बाहेर पाहू लागली. इतकी साधी गोष्ट, पण त्या एका नकाराने तिला केवढं हलकं वाटलं!

कड्यावरच्या स्टेशनात गाडी थोडा वेळ थांबते. सगळे कठड्याशी धावले. प्रमोद धावला तो खाण्याच्या टपऱ्यांकडे. तेलाच्या पिंपावर तवा ठेवून बायका जाड भाकऱ्या भाजत होत्या आणि आत बटाटा, चीज, मिरची भरून देत होत्या. प्रमोदने एक खाल्ली, मग आणखी खाल्ल्या, वर हिरव्या मिरचीचं वाटण मागून घेतलं. "आपलंच की हो सगळं!" म्हणत त्याने बोटं चाटली. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट पार बिघडलं आणि लॉजच्या खोलीतून तो बाहेर येईना.

दुसऱ्या दिवशी दरी उतरायची होती. तो एकच दिवस. त्यासाठी ती सगळा हिवाळा पायऱ्या चढली होती.

रात्रीच्या जेवणाला वाटाडी लूपे टेबलाशी आली. चाळिशीची, ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. तिच्या कमरेला वॉकी-टॉकी असे. उद्या कोण कोण चालणार, असं तिने इंग्रजीत विचारलं. सहलीतली ऑकलंड, नेपियरकडची बाकीची मंडळी भराभर हात वर करू लागली. मधुवंतीचा हात उठायच्या आत प्रकाश म्हणाला, "माझी बायको थांबेल. मित्राला बरं नाही, त्याच्यासाठी ती थोडा मऊ भात करेल. किचनमध्ये बोललोय मी."

लॉजची स्वयंपाकीण तिथेच उभी होती. लूपेने तिला विचारलं, तेव्हा ती हसून म्हणाली की साधा भात तीही करून देईल, त्यात काय मोठंसं.

"आपल्यासारखा होणार नाही तो," प्रकाश मराठीत म्हणाला. "मधू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तोच दिवस आहे, प्रकाश."

"अगं, आजारी माणूस आहे!" नीता मध्ये पडली. नीता म्हणजे त्या आजारी माणसाची बायको. "मी थांबले असते, पण मला तुझ्यासारखा जमत नाही. आणि मी इतक्या लांब आलेय ते..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. मधुवंतीला ते पुरं ऐकू आलं. पोट बिघडलेल्या माणसाची तिला दया येत होती, खरंच येत होती, आणि या दयेचाच सगळे मिळून दोर वळत आहेत हेही तिला दिसत होतं.

तेवढ्यात लूपेने प्रकाशला ओलांडून थेट तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही थांबताय का?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने हात वर केला. "नाही. मी चालणार आहे."

प्रकाशचा चेहरा उतरला. मग त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. "ठीक आहे. मग मीच थांबतो."

आता ती म्हणेल, नको, तू जा, मी थांबते. त्याला खात्री होती. नीतालाही होती. मधुवंतीच्या जिभेवर ते शब्द आलेही होते, सवयीने. तिने ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

"थांब," ती म्हणाली. "त्याला सोबत होईल."

सकाळी कड्यावर गार वारा होता. पाइनच्या झाडांतून वाट खाली वळली आणि लगेच सुटे दगड सुरू झाले. लूपे पुढे, तिच्यामागे मंडळी, आणि मधुवंतीच्या मागे नीता, अखंड बोलत. "प्रकाशने आयुष्यात कधी कुकर लावलाय का गं? बिचारा. मला तर बाई वाईटच वाटतंय."

मधुवंती थांबली, वळली. "नीता, तुझा नवरा आजारी आहे आणि तू चालतेयस, ते चालतं. माझ्या नवऱ्याला भात लावायला लागला तर मी वाईट?"

नीता दोन पावलं मागे राहिली. पण मधुवंतीलाही काही फार शूर वाटत नव्हतं. प्रत्येक वळणावर तिला वर दिसणारं लॉजचं छप्पर खुपत होतं. प्रकाशने हात भाजून घेतला असेल का? प्रमोदला ताप चढला असेल का? आपण हट्टाला पेटलोय का? पाय खाली जात होते आणि मन मात्र त्या स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होतं. तिला स्वतःचाच संताप आला. एवढा डोंगर उतरून जर मनात पातेलंच घेऊन जायचं असेल, तर कायकोरा काय वाईट होतं?

मग उतार इतका तीव्र झाला की पातेल्याला मनात जागाच उरली नाही. तिने पिशवीतून गुडघ्याचा पट्टा काढून बांधला. पाइनची झाडं मागे पडली, निवडुंग दिसू लागले, हवा तापली. एका कोपऱ्यावर वाट बाहेर झुकली आणि सगळी दरी एकदम उघडी पडली. तांबूस कडे, त्यांच्यामागे आणखी कडे, आणि पार खाली, दोऱ्याएवढी, नदी. मधुवंती तोंड उघडं टाकून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं. तिने चक्क ओरडून घेतलं. नेपियरचे आजोबा दचकले, मग तेही ओरडले.

तेव्हाच लूपेच्या कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला. पलीकडे लॉजवाला काहीतरी बोलला, मग प्रकाशचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "मधू? ऐकू येतंय का? कुकरला पाणी किती घालू? प्रमोदला जरा सैल हवाय."

लूपेने यंत्र तिच्या हातात दिलं. सगळे थांबले.

"प्रमोद कसा आहे?" तिने आधी विचारलं.

"बराय. उठून बसलाय. भूक लागलीय म्हणतोय. पाणी किती, ते सांग ना."

पाणी किती ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. नीता कुजबुजली, "सांगून टाक ना, दोन शब्द तर आहेत." खरंच दोन शब्द होते. त्या दोन शब्दांमागून मीठ येणार होतं, मिठामागून हिंग, मग झाकण कधी काढू, मग तू किती वाजता येतेस. ही समोरची दरी, हा उन्हात उभा असलेला कडा, सगळ्याचा ओटा व्हायला वेळ लागला नसता. तिने बटण दाबलं.

"प्रकाश, तुझ्या शेजारी स्वयंपाकीण उभी आहे. तिला विचार. मी चालतेय."

"अगं, पण तिला मराठी कुठे..."

तिने बटण सोडलं आणि यंत्र लूपेला परत दिलं. "कुणाचा पाय मोडला तर मला द्या," ती इंग्रजीत म्हणाली. "भातासाठी देऊ नका."

लूपे खळखळून हसली. यंत्र पुन्हा खरखरलं, "मधू, मधू," असं दोनदा आलं. लूपेने तिच्याकडे पाहिलं. मधुवंतीचं काळीज हललं, नाही असं नाही, पण तिने मान हलवली. मग लूपेच स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं बोलली आणि पलीकडचा आवाज थांबला. नीता अजून वर, लॉजच्या दिशेने बघत होती. मधुवंतीने गुडघ्याचा पट्टा घट्ट केला, नीताला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं, आणि लूपेच्याही पुढे होऊन नदीकडे उतरू लागली.