ताणावरची डॉक्टरेट

प्रगत परिचर्येत, म्हणजे नर्सिंगमध्येच, पीएचडी करणाऱ्या बाई मी एकदाच पाहिल्या. गोंदियाच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वार्डात. कुडव्याच्या माझ्या मावशीला तिथे भरती केलं होतं. बाईंची साडी कडक इस्त्रीची, छातीशी फॉर्मचा गठ्ठा. खाटेला पदर लागू नये म्हणून अंग चोरून चालत होत्या. विषय होता, नर्सच्या कामाचा ताण. त्यासाठी साऱ्या वार्डातली एकुलती एक सिस्टर त्यांनी टेबलाशी बसवून ठेवली होती.

तेवढ्यात मावशीची सलाईन संपली. "अवं सिस्टर, नळीत रगत चढून राहिलं ना!" मावशी ओरडली. सिस्टर उठली, तर बाई म्हणाल्या, "एकच प्रश्न राहिलाय हो."

माझं डोकं फिरलं. "मॅडम, तुम्ही बी नर्सच ना? काऊन नाही उठत?"

"मी ड्युटीवर नाही. डेटा घेतेय," बाई मान वर न करता म्हणाल्या.

सिस्टर धावली, नळी बंद केली, हात पुसत परतली. शेवटचा प्रश्न होता, कामाचा ताण येतो का? फॉर्मवर तिचं नाव होतं आणि तो तिच्या वरच्या मेट्रनच्या हातून जाणार होता. तिने 'कधीच नाही'वर खूण केली. बाईंनी "छान!" म्हणत फॉर्म गठ्ठ्यात खुपसला.

आता बाई नावापुढे डॉक्टर लावत असतील. आणि वार्डाला दुसरी सिस्टर द्या म्हणून आम्ही निवेदन घेऊन गेलो, की दवाखान्याचे साहेब बाईंचाच प्रबंध आमच्या तोंडावर फेकतील.