दादाजीभाऊच्या डोंग्याले मोटर

दादाजीभाऊची गोष्ट सांगाची म्हणजे माझीबी सांगा लागते, अन् तेच मले जड जाते. तरी सांगतो. लपवून पाह्यलं, नाई जमलं.

मी कुलदीप. सिंदेवाहीच्या रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे, दोन वर्षं झाले टाकून. गेट, ग्रिल, ट्रॉलीचे डाले, सारं करतो. हात चांगला आहे माझा, पण तोंड त्याच्यापेक्षा जास्त चालते, असं माझी माय म्हणते.

दादाजीभाऊ आमच्या गावच्या ढिवरायतले. पासष्टी पार. त्या माणसानं चाळीस वर्षं तलावात जाळं टाकलं. अख्ख्या तलावात शिडाचा डोंगा त्यायचाच एक. शीड म्हणजे काय, तर बायकोचं, रंभाकाकूचं जुनं हिरवं लुगडं बांबूले बांधलेलं. बाकीचे वल्हे मारून घामाघूम होत, तंवर हे पल्याडच्या काठावर बिडी पेटवून बसलेले. लोक चिडवत, "दादाजी, बायकोच्या पदराले धरून किती दिवस फिरशीन?" ते म्हणत, "तुमची तुमाले धरू देत नाई, तं मी काय करू?"

पण वारा जायले कामी येते, वापस येयले वल्हंच मारा लागते. अन् त्यायचा उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना. एक हंगाम डोंगा टिनाखाली उलटा पडून राह्यला. आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियम कडक आहे. ज्याचा डोंगा दोन हंगाम पाण्यात नाई, त्याची जागा दुसऱ्याले जाते, सभेत बसाचा हक्कबी जाते. दादाजीभाऊले मासोळीपेक्षा सभेतली ते जागा मोठी होती. खिडकीखाली त्यायचा बाप बसे, मंग ते बसले.

म्हणून त्यायच्या पोरानं, आदेशनं, गडचांदूरवरून एक जुनी छोटी मोटर पाठवली. डोंग्याच्या मागं लटकवाची, खाली पंखा फिरते, तशी. ते घेऊन भाऊ माझ्या दुकानात आले. म्हणले, "हे बसवून दे बाबू. तान्हा पोळा झाला का हंगाम लागते, जाळं सुटते."

आता अशी मोटर लटकवाले सपाट फळी लागते, अन् आमच्या डोंग्याचे दोन्ही टोकं निमुळते. मंग मी लोखंडी चौकट केली. डोंग्याच्या काठाच्या दोन्ही फळ्यायवर ते बोल्टनं आवळाची अन् मोटर चौकटीवर बसवाची, असा हिशोब. मोबाईलवर चार व्हिडिओ पाह्यले अन् अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. पानठेल्यावर सांगूनबी मोकळा, का पयल्याच दिवशी दादाजीचा डोंगा साऱ्यायच्या पुढं पळते का नाई, पाहा.

काठावर चौकट बसवाले गेलो, तं भाऊनं फळीवरून हात फिरवला. "कोरडी आहे रे. आमच्यात डोंग्याले पयले पाणी पाजतेत. गोटे भरून तीन दिवस बुडवून ठेवतो, लाकूड फुगते, मंगच काम. तू बोल्ट सैल ठेव. पाणी पिल्यावर आवळजो."

"भाऊ, डोंगा आहे का बैल, पाणी पाजाले?" मी म्हनलं. वाटेनं जाणारे चार जण हसले अन् पुढं गेले. मले अजून चेव आला. "तीन दिवस थांबलो तं पयला दिवस जाईन तुमचा."

"पयला दिवस गेला तं जाऊ दे. हंगाम थोडीच जाते?"

मी कायचं ऐकतो? जोर लागावा म्हणून पान्याले पाईप लावला, अन् ट्रॉलीचे आवळतो तसे बोल्ट आवळले. शेवटच्या बोल्टाले फळीतून बारीक कर्र आवाज आला. वाकून पाह्यलं. एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत केसायेवढी चीर गेली होती. मी मान वर केली. समोरून दादाजीभाऊ चौकट धरून उभे होते अन् माझ्याकडंच पाहून राह्यले होते.

तेव्हाच बोलाले पायजे होतं. एक फळी बदलली असती, चार दिवस गेले असते, लोक मले हसले असते. बस, एवढंच झालं असतं. मी म्हनलं, "झालं भाऊ, एकदम पक्कं." अन् चिरेवर डांबर फासलं.

दोन दिवस मोटर मस्त चालली. भाऊनं लुगडंबी बांधून ठेवलं होतं, म्हणत, नाई बांधलं तं रंभा रुसते. लोक दुकानात येऊन माझी पाठ थोपटत. मीबी थोपटून घेतली. ते चीर रोज आठवे, अन् रोज मी म्हणो, काई होत नाई.

तिसऱ्या दिवशी झालं. लाकूड पाणी पिऊन फुगलं, लोखंड काई सरकेना. तलावाच्या मधात काठाची फळी चिरेतून फाटली अन् डोंग्याची बाजूच उकलली. मोटर चौकटीसकट तळाले गेली, डोंगा पाण्यानं भरला. दादाजीभाऊ लुगड्याच्या बांबूले एका हातानं धरून तरंगत राह्यले. बाजूले जाळं टाकणाऱ्या बिरजूनं आपला डोंगा नेऊन त्यायले काढलं, फुटका डोंगाबी ओढत आणला.

काठावर आणल्यावर बिरजूनं फाटकी फळी पाह्यली. "इतके बोल्ट आवळले कोणं बे?"

सारे माझ्याकडं वळले. भाऊ थरथरत होते, अंगावरून पाणी गळत होतं. म्हणले, "मीच आवळले. कुलदीप सैल ठेवा म्हणत होता."

मी तोंडात मूग धरून उभा राह्यलो. खोटं त्यायनं सांगितलं अन् त्याच्याखाली मी लपलो.

नवा डोंगा करणं त्यायच्यानं झालं नाई. ते तीन दिवस सोसायटीनं धरले नाई, दुसराबी हंगाम गेला, अन् जागा गावातल्याच जंगूले भेटली. दिवाळीनंतर जंगूच माझ्या दुकानात आला. म्हणे, "मले बी मोटरची चौकट पायजे. दादाजीभाऊ म्हणले, कुलदीपकडूनच करून घेजो, काम चांगलं आहे त्याचं."

त्या दिवशी दुकान बंद करून सरळ दादाजीभाऊच्या आंगणात गेलो. ते दुसऱ्याचं जाळं शिवून राह्यले होते.

उभ्याउभीच म्हनलं, "भाऊ, बोल्ट आवळताना फळी चिरली होती. मले आवाज आला होता."

त्यायची सुई थांबली नाई. "मलेबी आला होता."

"मंग पाण्यात काऊन गेले?"

"तुझ्याकडं पाह्यलं ना मी. तू म्हणला, पक्कं. लोखंडातलं मले का समजते? वाटलं, चौकट वाजली असन. काई असतं तं पोरानं सांगितलं असतं."

"अन् काठावर खोटं काऊन बोलले?"

"माझा डोंगा तं गेलाच होता," ते म्हणले. "तुझं दुकान काऊन घालवाचं?"

रंभाकाकूनं चहा आणून दिला. कपाकडं पाहाचीबी मले लाज वाटली.

त्याच महिन्यात सोसायटीची सभा होती. मी सभासद नाई, तरी परवानगी काढून उभा राह्यलो अन् सारं सांगितलं, चिरेचं, डांबराचं. कोणी शिव्या नाई देल्ल्या. अध्यक्ष एवढंच म्हणले, "सांगितलं ते बरं केलं, पण देल्लेली जागा आता वापस घेता येत नाई." त्याच्यापेक्षा दोन थापडा मारल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

बोलताना मी सारा वेळ खिडकीखालच्या जागेकडं पाहून राह्यलो होतो. तिथी जंगू बसला होता. ज्यायनं ऐकाले पायजे होतं, ते दादाजीभाऊ घरी होते. त्यायले आता सभेत येता येत नव्हतं.