दहिवराचा चेंडू

कुमुदकाकीला दिल्लीत येऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, पण जिभेवरचं मंगळवेढं काही उतरलं नाही. नवरा बळवंतराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले. मुलगा चैतन्यही सरकारीच. सरोजिनी नगरातल्या त्याच्या क्वार्टरात, चौथ्या मजल्यावर, सगळे राहायचे. सून चेतना पुण्याची. घरात 'अच्छा' आणि 'बिल्कुल' पेरलेलं स्वच्छ मराठी चालायचं. काकीचं मात्र न्हाई म्हणजे न्हाईच. "बोली बदलली तर मेल्यावर आई वळखायची न्हाई मला," म्हणायची.

क्रिकेटशी तिचा संबंध एवढाच, की मॅचच्या दिवशी भाकरी टीव्हीसमोर न्यायची. ती त्याला चेंडूफळी म्हणायची. बळवंतरावांचं उलटं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माणसं डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी यायची, "बळवंतजी, आज क्या लगता है?" विचारायची. आणि ते सांगतील तसं बरेचदा व्हायचंही.

मग काचबिंदूनं डोळे नेले. एकदम नाही, पाच-सहा वर्षांत, कडेकडेनं. मॅच त्यांनी ऐकून बघितली, पण टीव्हीवरची माणसं शेरोशायरी करतात, आरडतात, आणि गडी कुठं उभा आहे ते सांगत नाहीत. ज्याला दिसतं त्याला सांगायची गरज काय? तीन हंगाम झाले, लीगच्या वेळेला बळवंतराव आतल्या खोलीत जाऊन पडायचे. तेवढा खालच्या बागेतला बाक टिकून होता. संध्याकाळी पाचला काकी त्यांना पोचवायची आणि सातला आणायची. तिथं नागपूरकडचे भालचंद्र आणि गुलाटीसाहेब असायचे.

यंदा एप्रिलात तोही बाक सुटला. आदल्या दिवशीच्या मॅचची गोष्ट चालली होती. अकरात नसलेल्या गड्यानं दुसऱ्या डावात येऊन साठ धावा ठोकल्या, असं भालचंद्र म्हणाले, आणि बळवंतराव उसळले. "बारावा गडी पाणी आणतो, फील्डिंग करतो. बॅट धरत नाही! अंपायर झोपला होता का?"

गुलाटीसाहेब पोट धरून हसले. "सरजी, किस ज़माने में हो? इम्पॅक्ट प्लेयर है वो. कब का आ गया!"

भालचंद्र बोलून गेले, "बळवंतराव, दिसत नाही तर निदान ऐकत तरी जा."

न्यायला आलेल्या काकीच्या कानांवर हे सगळं पडलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिनं काठी पुढं केली, तर बळवंतराव म्हणाले, "ठेव ती. पाय दुखतात." पाय काही दुखत नव्हते. आठ दिवस गेले, पंधरा गेले. दाढी वाढली. माणूस भिंतीकडं तोंड करून पडायला लागला. चेतना म्हणाली, "आई, डॉक्टरांना दाखवूया का?"

"डागतर काय करंल? ह्येंचं दुखणं बाकावर हाय," काकी म्हणाली.

मग तिनं गवारीच्या शेंगा ताटात घेतल्या, पाच वाजता खाली गेली आणि त्या दोघांशेजारच्या बाकावर मोडत बसली.

"वहिनी, तुम्ही? आणि बळवंतराव?"

"ते ऱ्हाऊ द्या. मला सांगा, ह्यो विंपॅक का काय, ह्यो काय परकार हाय?"

म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगायला मिळालं की त्याला जेवण लागत नाही. गुलाटीसाहेबांनी खडे मांडले, भालचंद्रांनी काठीनं मातीत रेघा ओढल्या. तासाभरात शेंगाही मोडून झाल्या आणि एक नियमही पदरात पडला.

घरी येऊन काकी भिंतीकडं तोंड केलेल्या पाठीला सांगायला लागली. "ऐकताय न्हवं? आपल्याकडं इर्जिक असायची बगा, एकाच्या रानात समदा गाव राबायचा. जोंधळा काढायला एका घरचं एकच माणूस. सकाळी काढणीला दादला आला आन दुपारी कणसं मोडायला त्येची बायकू आली, तर कोण न्हाई म्हणायचं न्हाई. पर दादला घरी गेला तो गेला. परत रानात न्हाई यायचा. तसं हाय ते."

पाठ हलली नाही. पण आवाज आला, "म्हणजे बोलर काढायचा आणि बॅट्समन घ्यायचा?"

"मला काय इचारता? मी कणसं मोडणारी."

असं रोज एक. करोनात चेंडूला थुंकी लावायला बंदी आली होती, ती उठली. बळवंतराव म्हणाले, "बरं झालं. फाइलसुद्धा थुंकीशिवाय उलटत नाही." अंपायरनं वाइड दिला तरी आता वर दाद मागता येते. "म्हणजे अपील! माझ्या सेक्शनला पंधरा वर्षं तेच केलं मी." संघ झाले दहा, आणि कुणाशी दोनदा खेळायचं, कुणाशी एकदाच. "हे कसलं वाटप?" "लग्नाच्या आवतणावानी. सख्ख्यास्नी दोनदा जायाचं, चुलत्यास्नी एकदा." ते भिंतीकडचे कुशीवर वळले. मग उठून बसायला लागले. पण बाकाचं नाव काढलं की पुन्हा पाय दुखायचे.

मे लागला. काकी एक दिवस वर आली ती सांगतच. "आज सोपं हाय. रातच्या मॅचीला दहिवर पडतं. चेंडू वला हुतो, बोलरच्या हातातनं सटकतो. म्हणून दुसऱ्या डावात धा ओव्हरी झाल्या की चेंडू बदलून मागायचा. नवा देत्यात."

"आई, दहिवर म्हणजे काय?" स्वयंपाकघरातून चेतनानं विचारलं.

"दव गं. पहाटं हरभऱ्यावर पडतं ते."

बळवंतरावांच्या कपाळाला आठी पडली होती. "नवा? कोण म्हणतं नवा?"

"भालचंद्रभावजी."

"खुळा आहे तो. नवा चेंडू म्हणजे लाख लावल्यासारखा गुळगुळीत. ओल्या गवतावर पडला की दोन चेंडूंत तोही निसटणार. शिवाय बॅटवर सुसाट येणार. बोलरवरचा अन्याय काढायला नियम केला आणि मार खायला नवा चेंडू दिला? असं होणार नाही. तितकाच जुना पण कोरडा देत असतील."

"मी काय जाणू? त्येंनी दोन डोळ्यांनी बघितलंय."

ती बोलली आणि जीभ चावली. पण बळवंतरावांचं तिकडं लक्षच नव्हतं. "पाणी आण. आणि ते बेलफळ आण, शरबताला आणलंयस ते. ओलं कर आणि दे."

तिनं बेलफळ बादलीत बुडवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन बोटं वर, अंगठा खाली अशी पकड घेतली आणि मनगट फिरवलं. फळ साबणासारखं सुटलं, कपाटावर आपटलं आणि त्याची दोन शकलं झाली. पिवळा गर फरशीभर उडाला.

"अगंबाई!" चेतना धावत आली.

आणि बळवंतराव हसले. महिन्याभरानं, खांदे हलेपर्यंत हसले. "बघितलंस? चामडं तर ह्याच्याहून गुळगुळीत! कुठंय माझी काठी? त्या भालचंद्राला सांगतो चल."

काकीनं तोंडातून शब्द काढला नाही. बोललं तर मोडायचं. हात पदराला पुसला आणि खांदा पुढं केला. लिफ्टमध्ये त्यांनी तिचा खांदा घट्ट धरला. तिनं चुकून लागल्यासारखं तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि त्यांना श्वास घ्यायला वाटेत एक थांबा जास्त दिला.

बाकापाशी पोचताच बळवंतराव म्हणाले, "भालचंद्र, दव पडल्यावर नवा चेंडू देतात?"

"अलबत! सगळा हंगाम बघतोय मी."

"शक्य नाही."

"एक मिनट, एक मिनट," गुलाटीसाहेबांनी मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ स्क्रीन घासली. मग सावकाश म्हणाले, "भालचंद्रजी, बॉल उतना ही घिसा हुआ मिलता है. नया नहीं. सरजी बिल्कुल सही हैं."

भालचंद्रांनी घसा साफ केला. "न बघता कसं ओळखलंत?"

"बेलफळ फोडलं."

"काय?"

"सांगतो."

भालचंद्र म्हणाले, "बळवंतराव, त्या दिवशी मी जरा…"

"सरका," बळवंतराव म्हणाले. "बसू द्या मला."

भालचंद्र सरकले. बळवंतरावांनी काठीनं बाकाची कड चाचपली आणि आपल्या जुन्या जागी बसले. बसल्या बसल्या दोन बोटं वर, अंगठा खाली अशी पकड हवेत दाखवायलाही लागले. काकी वळली. वर फरशी चिकट झाली होती, मुंग्या लागायच्या आत पुसायला हवी होती.

चार पावलं गेली असेल, तोच मागनं हाक आली.

"अगं! उद्याची मॅच साडेसातला आहे. गवारी आधीच मोडून ठेव. गडी कुठं कुठं उभे आहेत ते तू मला सांगायचंयस."

"चेंडूफळीत मला काय कळतंय?" ती न वळताच म्हणाली.

"कळतं तेवढं सांग."