धाकूचा रुसवा
धाकू परब चिडतो असं त्यांच्या घाटकोपरच्या चाळीत कुणी म्हणत नाही. धाकू रुसतो, असं म्हणतात. रुसण्यात त्याला तोड नव्हती, आणि पखवाज वाजवण्यातही.

या शनिवारी शेजारच्या नानांकडे सत्यनारायण होता, संध्याकाळी भजन. नाना स्वतः बुवा. तीस वर्षं त्यांच्या गाण्याला धाकूचाच पखवाज. नानांनी आठ दिवस आधीच मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं, धाकूला तेवढं नाही. घरच्या माणसाला कसलं आलंय आमंत्रण! ही रीत धाकूलाही पाठ होती, पण दुसऱ्यांच्या बाबतीत. स्वतःवर आली तेव्हा त्याला एवढंच कळलं, की आपल्याला वगळलं.

त्याची बायको जानकी तशी नव्हती. एकदा तिला हळदीकुंकवाला बोलवायचं राहिलं, तर "माका विसारलात काय गो?" करत ती थेट आत शिरली आणि येताना दोन वाणं घेऊन आली.

"जावा ना ओ!" ती म्हणाली. "भिंतीपलीकडे तर आसा."

"माका बोलवक कोण इलो?"

झालं. आता बाहेर पडायचीही सोय नव्हती. माणसं पार गॅलरीत बसलेली. त्यांच्यातून जायचं म्हणजे प्रत्येकाला उत्तर द्यायचं. धाकू त्या दहा बाय दहाच्या खोलीत पंख्याखाली बसून राहिला. पलीकडे कुणीतरी नवखा पखवाजावर बसला होता. तिसऱ्या अभंगाला लय पळायला लागली, तशी धाकूची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. त्याचा जीव तुटत होता. एकदा कुणी हाक मारू दे, लगेच उठतो, असं त्यानं देवाला सांगितलंसुद्धा.

आणि पेटी तशीच सोडून नाना दारात आले, घामाघूम. "अरे धाकू, बसलंस कित्याक? चल लवकर, सगळी वाट लागली हा!"

आठ दिवस जिची वाट पाहिली ती हाक हीच. धाकूला रडूच यायचं बाकी होतं. पण त्याचं तोंड कधी त्याचं ऐकत नसे.

"हात दुखता माझो," तो म्हणाला.

नानांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "बरां बाबा, सांभाळ," म्हणून ते परत गेले.

जानकीला सगळं कळलं होतं. ती बामची बाटली घेऊन समोर येऊन बसली. "द्या," म्हणाली. पलीकडे गजर सुरू झाला, आणि धाकूनं आपला धडधाकट हात निमूटपणे तिच्यापुढे केला.