पूजेतलं पास्कलचं पुस्तक

ओल्या हळदीकुंकवाचा वास आला की भिवंडीतल्या आमच्या कॉलेजची लायब्ररी आठवते आणि डोकं फिरतं. पास्कल या संगणकाच्या भाषेत अल्गोरिदम, म्हणजे प्रोग्रामच्या पायऱ्या, शिकवणारं एकच धड पुस्तक तिथे होतं, तेही हरवेल म्हणून वर्षभर कुलुपात. खंडेनवमीला ते पूजेसाठी बाहेर आलं. माझी नोकरीची परीक्षा चार दिवसांवर होती. "सर, दोन दिवस द्या ना," मी ग्रंथपालांना म्हटलं. "पूजेतल्या पुस्तकाला हात लावायचा नाही." "मग उद्या?" "उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा ते कपाटात." शिपाई हसला, "पाया पड रे, पास व्हशील!" परीक्षेत आकडे चढत्या क्रमाने लावायचा प्रोग्राम विचारला आणि मी कोरा पेपर देऊन उठलो. आज मी लायब्ऱ्या सगळ्यांना खुल्या करा म्हणणाऱ्या चळवळीत आहे आणि तिच्या पत्रकांत लिहितो, कपाटांची कुलुपं तोडा. ते पुस्तक आतून कसं होतं, हे मला अजून माहीत नाही.