आज सरांनाच फक्की मारावी लागली

मंडळी, सकाळपासून मन भरून आलंय, म्हणून लिहिते.

पूर्णेतल्या आमच्या छोट्या कॉलेजचे खेळाचे सर आज निवृत्त झाले. मैदान एकच, सकाळी फुटबॉल आणि संध्याकाळी बास्केटबॉल. सरांचा नियम होता की जो शेवटी येईल, त्यानेच फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायच्या. मी तिथे इंग्रजी शिकवायचे. स्टाफरूमच्या खिडकीतून वर्षानुवर्षं हे पाहिलं.

मोठी ढाल त्यांच्या संघाने कधी जिंकली नाही.

आज जुन्या खेळाडूंनी निरोपाचा सामना ठेवला होता. सरच अर्धा तास उशिरा आले आणि फाटकातच थबकले. मैदान भरलं होतं! रेल्वेतले गार्ड, झरी गावचे शेतकरी, नातवंडांना घेऊन आलेल्या पहिल्या संघातल्या मुली.

"सर, शेवटी आलात. घ्या बादली!" सुनंदा म्हणाली. सरांची ही जुनी खेळाडू आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे.

"अगं, नवे कपडे हायत."

"आमचे बी असायचे की!"

हशा पिकला. बादली उचलता उचलता सर मला हळूच म्हणाले, "मॅडम, कोणीच येणार न्हाई वाटलं. म्हणून पाय निघंना घरातून."

मग ते वाकले. दोरी नाही, टेप नाही. बास्केटबॉलचं अख्खं कोर्ट त्यांनी नुसत्या नजरेने आखलं. सुनंदाने पावलांनी मोजलं, बरोबर भरलं. रेषा पुसल्या जाऊ नयेत म्हणून सगळे चपला काढून कडेला उभे राहिले.

तुमचे खेळाचे सर कुठे असतात? निरोपाच्या दिवसाची वाट पाहू नका. आजच त्यांना कळवा, आम्ही येणार आहोत म्हणून.