पावण्यांसाठी सुट्टी

स्वारगेटहून एसटी सुटली तेव्हा मी भलतीच खुशीत होते. आमच्या संस्थेकडे दक्षिण महाराष्ट्रातल्या कष्टकरी कुटुंबांसाठी रोजगाराचं धोरण लिहिण्याचं काम आलं आहे. घरातल्या दोघांनाही बारमाही काम मिळावं, बायकांना शेतमजुरीपलीकडचं काही शिकता यावं, मुलांची आबाळ होऊ नये, अशा चांगल्या चांगल्या गोष्टी त्यात आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मी पुण्यात पंख्याखाली बसून लिहिल्या आहेत. कळंब्याच्या पुढे एका गावात बायकांना कारखान्यातली यंत्रं चालवायला शिकवणारं एक केंद्र आहे. ते चालू असताना बघायचं, म्हणून ही फेरी होती.

भेट खरं तर शुक्रवारी ठरली होती. पण शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन घ्यावं आणि शनिवारी घरी लोळत पडावं असा बेत मनात आला, आणि मी केंद्र चालवणाऱ्या रंगराव आण्णांना फोन लावला. गुरुवारी आले तर चालेल का, असं विचारलं.

"या की! कवाबी या. घर तुमचंच हाय!" पलीकडून एवढा दणदणीत आवाज आला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

कऱ्हाड मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चालल्या होत्या आणि एसटीचा चालक त्यांच्या नावानं बोटं मोडत होता. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड, करपट वास खिडकीतून आत आला आणि मला उगाचच लहान मुलासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी लॉजजवळच्या टपरीवजा हॉटेलात मिसळ खाल्ली. पुणेरी जिभेची परीक्षाच होती. मालकानं न विचारता वरून कट (मिसळीवर घालायचा झणझणीत रस्सा) ओतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून गल्ल्यावरूनच ओरडला, "पावणं, मधी मधी ब्रेड खावा. रडू नगा!" आजूबाजूची चार टेबलं हसली. मीही हसले. इथे अनोळखी माणूस म्हणजे पावणं, मग तो बाई असो की बुवा.

तिथून वडाप (माणसं खच्चून भरल्याशिवाय न हलणारी जीप) धरलं. माझ्या मांडीवर अर्धी माझी पिशवी आणि अर्धी शेजारच्या बाईंची. कळंब्याचा तलाव डावीकडे चमकत होता, पण मान वळवायला जागा नव्हती. कुठं उतरणार, असं बाईंनी विचारलं. मी केंद्राचं नाव सांगितलं.

"मशिनीच्या शाळंत व्हय? आज बंद हाय की ती."

"बंद? का?"

"पावणं येनार हायत. पुण्यास्नं कुनीतरी मोठं. बकरं पडलंय सकाळी." पुढच्या बाकावरच्या आजोबांनीही मान हलवून दुजोरा दिला.

मी मनातल्या मनात चरफडले. एवढ्या लांब यायचं आणि नेमका त्याच दिवशी कोणी पुढारी तडमडायचा! असल्या लोकांपायी साध्या कामांचा कसा खोळंबा होतो, यावर मी शेजारच्या बाईंना दोन वाक्यं ऐकवलीसुद्धा. त्यांनी "व्हय की" म्हणून मला दुजोरा दिला.

जीप केंद्रापुढे थांबली. फाटकाला आंब्याची डहाळी होती. बाहेर पांढऱ्या टोपीतले रंगराव आण्णा हात जोडून उभे होते आणि त्यांच्यामागे एक मुलगी ओवाळणीचं ताट घेऊन. त्यांनी माझं नाव घेऊन "या, या!" म्हटलं. मागे जीपमधून शेजारच्या बाई वाकून बघत होत्या. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

आण्णा मनाचे मोठे. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाकडून जागा मिळवली, जुनी लेथ मशिनं (धातू कातायची यंत्रं) मिळवली, बायकांच्या घरी जाऊन सासऱ्यांची समजूत घातली. पण त्या दिवशी शेडमध्ये एकही मशीन चालू नव्हतं. सगळी पुसून, वर धुतलेल्या चादरी घालून झाकली होती आणि प्रत्येकावर झेंडूची माळ होती.

"आण्णा, मला वर्ग चालू असताना बघायचा होता हो."

"त्यात बघायचं काय? त्याल, वंगान, नुसता कालवा! तुमच्या कापडास्नी डाग पडायचं. आधी जेवा, मग बोलू."

शिकणाऱ्या बाया कुठे आहेत, हे धुरावरून कळलं. शेडच्या मागे तीन चुली पेटल्या होत्या. कोणी भाकऱ्या थापत होतं, कोणी खोबरं वाटत होतं. मी "कशाला एवढा त्रास" असं पुटपुटले, पण ते बोलणं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

पंगत शेडमध्येच, झाकलेल्या मशिनांच्या मध्ये. मी, आण्णा आणि गावातले चार-पाच जाणते पुरुष. बायकांसाठीच्या धोरणावर काम करणारी मी पुरुषांच्या पहिल्या पंगतीला बसले आणि ते मला खटकलंही नाही. ताटात सुकं मटण, भाकरी, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. पांढरा तोंडाला लावला आणि वाटी खाली ठेववेना. वाटी रिकामी झाली की कोणीतरी भरायचं. मी हात आडवा धरायची, पण जरा उशिरा.

"हा केला कोणी?" मी विचारलं.

आण्णांनी हाक मारली. पदराला हात पुसत तिशीची एक बाई पुढे आली. संगीता तिचं नाव. कपाळावर घाम, डोळे धुरानं लाल.

"संगीताताई, तुम्ही पुण्यात हॉटेल काढा, रांग लागेल!" मी म्हणाले. आपण किती दिलखुलास आहोत असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं.

ती हसली नाही. "मीठ बरं पडलंय न्हवं?" एवढं विचारून आत जायला वळली.

भाकरी वाढणारी म्हातारी मात्र माझ्या ताटापुढे थबकली. ती संगीताची सासू निघाली. "खावा की," ती म्हणाली. "माज्या सुनंची नोकरी घालवून केलाय तो रस्सा."

"आक्का!" आण्णा ओरडले. "पावण्यांपुढं काय ह्ये!"

पण आक्का हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्याकडून आणि मग नाइलाजानं आण्णांकडून सगळं कळलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर पहिल्यांदाच बाई घेणार होते. आण्णांनी मालकाच्या किती पायऱ्या झिजवल्या होत्या. शेवटी मालक म्हणाला, एक पाठवा, ट्रायल घेतो. केंद्रातली सगळ्यांत तयार हाताची म्हणून संगीताची निवड झाली. तिचा नवरा फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) दुसऱ्या पाळीला. हिला पहिली पाळी मिळाली असती तर पोराजवळ कायम कोणीतरी राहिलं असतं आणि भांगलायला (खुरपणीला) दुसऱ्याच्या शेतात जाणं सुटलं असतं. ट्रायल गुरुवारी सकाळी होती.

"म्हनून तर तुमास्नी शुक्रवार दिलता," आण्णा म्हणाले.

"मग मी फोन केला तेव्हा सांगितलं का नाही? मी शुक्रवारीच आले असते की!"

आण्णा खरोखरच गोंधळले. "अवो, पावण्याला नगो म्हनायचं कसं?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "आनि रश्श्याला हिच्या हाताबिगर चव न्हाय. मालक काय, सांगितलं की ऐकंल."

माझ्या पुढ्यात तिसरी वाटी भरलेली होती. मला इतकी लाज वाटली की घास तोंडातच फिरायला लागला. त्यातही वाईट हे, की चव अजून तितकीच चांगली लागत होती.

मी ताटावरून उठले आणि आत्ताच्या आत्ता कारखान्यात जाऊ म्हणाले. संगीता चुलीशी होती. "आता कशाला?" ती म्हणाली. पण सासूनं तिच्या हातातला डाव काढून घेतला. "जातो मग," म्हणत संगीतानं तोंडावर पाणी मारलं. इकडे बायकाही 'मी जातो', 'मी येतो' असंच म्हणतात. आण्णांच्या ओळखीतली एक जीप मिळाली आणि आम्ही तिघं निघालो.

वाटेत उसाची ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर ऊस पसरला होता आणि पोरं तो उचलून पळत होती. आमची जीप हलेना. मी सारखी घड्याळ बघत होते, आण्णा खाली उतरून वाहतुकीला शिव्या घालत होते. संगीता खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या साडीला मसाल्याचा वास येत होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तो मला आवडला असता.

कारखान्याच्या सुपरवायझरनं आम्हाला त्याच्या काचेच्या खोलीत घेतलं. मी माझ्या संस्थेचं नाव सांगितल्यावर तो उठून उभा राहिला.

"सकाळी मशीन मोकळं ठेवलं होतं मॅडम, काम बघायला माणूसही उभा केला होता. कोणी आलंच नाही. मालक म्हणाले, बायका म्हटलं की असंच होणार, घरचं काहीतरी निघणारच. दुपारी जयसिंगपूरचा एक जण घेतला."

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "भेटीचा दिवस मी बदलला. ह्यांना माझ्यासाठी थांबवलं."

"तुमची कशी चूक मॅडम? तुम्ही बसा आधी."

खुर्च्या दोनच होत्या. एका खुर्चीवर आण्णा बसले, दुसरी माझ्यापुढे सरकवली गेली. मी संगीताला बस म्हटलं, तर ती दाराशी आणखी मागे सरकली. मी परत सांगितलं, माझ्यामुळे झालं, हिला एकदा मशीनवर उभी करून बघा. तो प्रत्येक वेळी आदरानं मान डोलवत होता. पुढे जागा निघाली तर बघू, पण मालक आता बाईचं नाव काढू देणार नाहीत, असं म्हणाला. तेवढ्यात कोणीतरी चहाचा ट्रे दारातच ठेवून गेलं.

"ताई," सुपरवायझर संगीताला म्हणाला, "पावण्यांना द्या की जरा."

तिनं ट्रे उचलला. आधी माझ्यापुढे धरला. काचेपलीकडे लेथ फिरत होतं आणि त्यावर एक तरुण वाकून काम करत होता. ती तिकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती, मी कप कधी घेते म्हणून. मी घेतला. का घेतला, ते मला अजून सांगता येत नाही.

परतताना आण्णा पुढे बसले होते. "मालकाच्या घरला जातो मी उद्या," एवढंच ते दोनदा म्हणाले. गावाच्या फाट्यावर संगीता उतरली. मी तिचा हात धरून माफी मागितली. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण माफही केलं नाही.

"म्याडम, परत येनार असला तर आदी सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी मी गावात ऱ्हात न्हाय."

शुक्रवारी मी अंबाबाईच्या देवळात गेले. ज्याच्यासाठी दिवस बदलला ते दर्शन न घेता परत जाणं म्हणजे आणखी एक नाटक झालं असतं. गर्दी खूप होती. देवीपुढे आले तेव्हा काय मागावं ते सुचेना, आणि मागच्यांनी ढकललं तशी पुढे सरकले.

मी आजवर अनेक गावं हिंडले. माणसं किती प्रेमळ, किती अगत्याची, असं दर वेळी लिहीत आले. त्या अगत्यासाठी घरातल्या कोणाचा दिवस खर्ची पडतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. धोरणात आम्ही कारखाने, प्रशिक्षण, पाळणाघरं, सगळं घातलं आहे. आपल्यासारखी माणसं बघायला येतात तेव्हा कामं बंद पडतात, ह्याचं काय करायचं, ते मला ठाऊक नाही.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काय, कसं चाललंय तिथलं ट्रेनिंग?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी गेले म्हणून बंद होतं."

"मग केलं काय तिथे?"

"जेवले," मी म्हणाले.